फलकावरचा दर 170, हातात पडलेला 209: सेसना 172 भाड्याने घेण्याचे एक वर्ष

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिणेकडील एका छोट्या विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबचा मी गेले वर्षभर सभासद आहे आणि त्यांच्याकडून सेसना 172 हे एका इंजिनाचे, चार आसनांचे छोटे विमान भाड्याने घेऊन शनिवार-रविवारी उडतो. खाजगी वैमानिकाचा परवाना हाती आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो विमानाचा, आणि त्या प्रश्नाचे माझ्यासारख्या पगारदार माणसाला परवडणारे उत्तर म्हणजे असा क्लब. क्लबचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा त्या एकाच क्लबच्या नसून या व्यवसायाच्या रीतीच्याच आहेत.

काउंटरमागच्या फलकावर 1978 सालच्या 172एन विमानाचा दर ताशी 170 डॉलर आणि काट्यांच्या घड्याळांऐवजी संगणकासारखे पडदे असलेल्या नव्या 172एसचा दर ताशी 215 डॉलर लिहिलेला आहे. दोन्ही दर ‘वेट’, म्हणजे इंधनासह. काही ठिकाणी ‘ड्राय’ दर सांगतात. तो ऐकायला स्वस्त वाटतो, पण त्यात इंधन आपले असते, आणि 172 हे विमान तासाला साधारण आठ ते दहा गॅलन पिते, हे मनात धरूनच दोन दरांची तुलना करावी. मी वर्षभर जुने 172एनच घेतले. हिरवळलेल्या प्लॅस्टिकचा पॅनेल, उजव्या दाराला बंद होताना लागणारा एक खास हिसका आणि पुढे-मागे सरकताना कुरकुरणारे आसन, हे सगळे आता इतके सवयीचे झाले आहे की दुसऱ्या विमानात चुकल्यासारखे होते.

पण दरापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की तो तास मोजतो कोण. आमच्या क्लबात भाडे हॉब्स मीटरवर लागते. पॅनेलच्या कोपऱ्यातल्या या छोट्या चौकोनाला बहुतेक विमानांत तेलाच्या दाबाचा स्विच जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन सुरू होऊन तेलाला दाब आला की तो धावू लागतो आणि इंजिन बंद होईपर्यंत थांबत नाही. तुम्ही उडत असा किंवा धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे असा, त्याला सारखेच. पुण्यात सिग्नलला अडकलेल्या रिक्षाच्या मीटरकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने मी शनिवारी सकाळी या मीटरकडे पाहतो. दशांश अंक दर सहा मिनिटांनी पुढे सरकतो आणि एकेका सरकण्याचे 17 डॉलर होतात. पुढे तीन शिकाऊ विमाने रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, करत असतील, तर चाके जमिनीवरून सुटण्याआधीच 34 डॉलर गेलेले असतात.

दुसरी पद्धत टॅक मीटरची. तो इंजिनाचे फेरे मोजतो. हवेत नेहमीच्या वेगाने जाताना इंजिन जितके फेरे घेते, तेवढ्यांवर त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाइतका असतो, पण इंजिन मंद चालत असताना तो रेंगाळतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून एका फेरीचा हिशेबच देतो. ऑक्टोबरमध्ये मी समुद्रकाठच्या हाफ मून बे विमानतळावर जाऊन आलो, तेव्हा हॉब्सवर 1.7 तास लागले आणि टॅकवर 1.4. आमच्या दराने बिल 289 डॉलर झाले. शेजारच्या विमानतळावरच्या क्लबात तशाच जुन्या 172चा दर ताशी 190 आहे. तो पाहून मी सुरुवातीलाच नाक मुरडले होते. परंतु तो दर टॅकवर आहे, म्हणजे हीच फेरी तिथे 266 डॉलरला पडली असती. ज्याला महाग म्हणून सोडले तोच 23 डॉलरने स्वस्त निघाला. सभासद होण्याआधी हा एक प्रश्न मी विचारला असता, तर कदाचित हे परीक्षण त्या क्लबचे झाले असते.

सभासद झाल्या दिवशी किल्ली मिळत नाही, हेही सांगायला हवे. परवाना सरकारचा असला तरी विमान क्लबचे, किंवा बहुतेक वेळा क्लबकडे भाडेपट्ट्याने ठेवणाऱ्या एखाद्या मालकाचे असते, आणि विमा कंपनीला तुमच्या परवान्याचे फारसे कौतुक नसते. त्यामुळे आधी ‘चेकआउट’ होतो: क्लबच्या प्रशिक्षकाबरोबर उड्डाण, स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जाणे) सावरण्याचा आणि आणीबाणीत उतरण्याचा सराव, आणि विमानाच्या पुस्तिकेवर एक लेखी परीक्षा. माझे दोन फेऱ्यांत 2.8 तास विमानाचे आणि जमिनीवरच्या चर्चेसह 4 तास प्रशिक्षकाचे लागले. विमानाचे 476 आणि प्रशिक्षकाचे ताशी 85 प्रमाणे 340, असे 816 डॉलर. हा खर्च मला खटकला नाही. आडव्या वाऱ्यात उतरण्याची माझी खोड, म्हणजे चाके टेकताच पायांनी पेडल सांभाळण्याचे काम संपले असे समजण्याची, प्रशिक्षक बाईंनी पहिल्याच लँडिंगला पकडली आणि दुसऱ्या दिवशी घालवली. एवढ्यासाठी 340 डॉलर मी पुन्हा देईन.

खटकला तो पुढचा नियम. प्रवासी बरोबर घ्यायचे असतील तर मागच्या 90 दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावीत, हा अमेरिकेचा कायदा सर्वांना पाठ असतो. क्लबाचा स्वतःचा नियम 60 दिवसांचा आहे आणि तो एकट्याने उडायलाही लागू आहे. फेब्रुवारीत पावसाने आणि ढगांनी माझी सलग तीन बुकिंगे घालवली, आणि मी 64व्या दिवशी काउंटरवर उभा राहिलो तेव्हा संगणकाने किल्ली नाकारली. नियमपुस्तिकेच्या अकराव्या पानावर तो नियम होता, हे मान्य. पण जे संकेतस्थळ माझे बुकिंग घेते त्याला माझ्या शेवटच्या उड्डाणाची तारीखही ठाऊक असते, मग बुकिंग करतानाच ते का बोलत नाही? प्रशिक्षकाचे आणखी दीड तास, म्हणजे 127.50 डॉलर गेले आणि त्या दिवशीचा बेत मोडला.

रात्रभर विमान बाहेर ठेवायचे असेल तर किमान तासांची अट येते. आमच्याकडे दिवसाला किमान दोन तासांचे भाडे द्यावे लागते. मे महिन्यात शनिवारी जाऊन रविवारी परत आलो तेव्हा प्रत्यक्ष 3.1 तास उडालो आणि बिल चार तासांचे आले. 153 डॉलर नुसत्या उभ्या विमानाचे. यात क्लबाचे चुकते असे म्हणता येणार नाही, कारण त्याच शनिवार-रविवारी ते विमान तीन-चार जणांनी फिरवले असते. मात्र कुटुंबाला घेऊन दोन-तीन दिवसांच्या सहलीची स्वप्ने पाहत परवाना काढणाऱ्याने ही अट आधी वाचावी. भाड्याचे विमान सकाळी जाऊन दुपारी परत येण्यासाठी असते.

अशा जाऊन-येण्याच्या जागांची कॅलिफोर्नियात ददात नाही. कोलंबियाला सोन्याच्या शोधाच्या काळातले गाव विमानतळाजवळच आहे, हॅरिस रँचला एका अरुंद धावपट्टीवर उतरून थेट जेवायला जाता येते. माझे आवडते हाफ मून बे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली 5,000 फुटांची ऐसपैस धावपट्टी, बाजूला समुद्र, आणि पायी जाण्याच्या अंतरावर पिलर पॉइंट बंदर, जिथे ताजे मासे मिळतात. उन्हाळ्यात समुद्रावरचे धुके सरकत येऊन धावपट्टी गिळते, म्हणून मी ऑक्टोबर निवडतो.

त्या फेरीला माझा मावसभाऊ आणि त्याची बायको बरोबर होती. मासे खाऊन परत निघताना त्याने पाकीट काढले आणि म्हणाला, “दादा, चालवलंस तू, बिल सगळं माझं.” मला हात धरून थांबवावे लागले. खाजगी परवान्यावर उडणाऱ्याने इंधन, तेल, विमानतळाचे शुल्क आणि विमानाचे भाडे यांतला स्वतःचा समान वाटा तरी द्यावाच लागतो. तीन माणसे असतील तर किमान एक तृतीयांश माझा. 289 डॉलरचे तीन भाग केले तर दर माणशी 96 डॉलर आणि काही सेंट. शंभर डॉलरच्या आत खाडी, डोंगर आणि समुद्र एका फेरीत पाहून होतात, हे गणित वैमानिकापेक्षा त्याच्या नातेवाइकांना लवकर पटते आणि मग फोन येऊ लागतात. त्यांना एक गोष्ट आधी सांगावी: 172ला आसने चार आहेत, पण टाक्या भरल्यावर चार माणसे बसतीलच असे नाही. आमच्या 172एनचे कमाल वजन 2,300 पाउंड, रिकामे 1,450. त्यात 40 गॅलन इंधनाचे 240 पाउंड गेले की माणसे आणि सामान यांना मिळून 610 पाउंड, म्हणजे सुमारे 277 किलो उरतात. वहिनींनी आणलेला डब्यांचा पिशवा मी खरोखर वजनकाट्यावर ठेवला, यावर घरात अजून हसतात.

इंधनाबद्दल थोडे. दर वेट असला तरी दुसऱ्या विमानतळावर भरलेल्या इंधनाचे पैसे आपण द्यायचे आणि पावती दाखवून बिलातून वळते करून घ्यायचे असतात. पण क्लब परत करतो ते आपल्या घरच्या दराने. एका मोठ्या विमानतळावर मी 12 गॅलन घेतले, तिथे गॅलनमागे 85 सेंट जास्त होते. ते 10 डॉलर 20 सेंट माझे गेले. शिवाय पावती 30 दिवसांत द्यावी लागते. हल्ली या भागात इंधनाचे गणित तसेही बिघडले आहे, कारण छोट्या विमानांचे नेहमीचे निळे 100एलएल इंधन शिसेयुक्त आहे आणि सांता क्लारा काउंटीने 1 जानेवारी 2022 पासून रीड-हिलव्ह्यू आणि सॅन मार्टिन या आपल्या दोन्ही विमानतळांवर त्याची विक्री बंद केली. त्या विमानतळांभोवती मुलेबाळे राहतात, तेव्हा निर्णयाला नावे ठेवता येत नाहीत. पण ज्या इंजिनांना ते इंधन लागतेच त्यांना टाकी भरायला दुसरीकडे उडत जावे लागते, आणि तो वेळही कोणाच्या तरी बिलात जातो.

पन्नास वर्षांच्या जुन्या विमानाला 170 डॉलर का, असे पुण्याचे मित्र विचारतात. एवढ्यात नवी गाडी दोन-तीन दिवस भाड्याने मिळते, हे खरे. पण इंधनाचेच तासाला पन्नास-साठ डॉलर होतात. या विमानातले लायकमिंग कंपनीचे इंजिन 2,000 तासांनी उघडून पुन्हा बांधण्याची कंपनीची शिफारस असते, आणि त्या कामाला 40,000 डॉलर धरले तर दर तासाला 20 डॉलर त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. वर्षाची तपासणी सक्तीची. त्याच विमानावर क्लब शिकवणीही देत असल्याने दर शंभर तासांची तपासणीही. वर विमा आणि टाय-डाउनची, म्हणजे विमान उघड्यावर बांधून ठेवण्याची, जागा. नवे विमान घ्यावे तर किंमत चार लाख डॉलरच्या पुढे. सेसनाने 1986 मध्ये 172चे उत्पादन थांबवले ते अपघातांच्या दाव्यांच्या बोज्यामुळे, आणि 1994 मध्ये कायद्याने जुन्या विमानांबाबत निर्मात्याची जबाबदारी 18 वर्षांवर आणल्यानंतर दोन वर्षांनी ते पुन्हा सुरू केले. मधल्या खंडामुळे भाड्याच्या बाजारात एक तर सत्तरीच्या दशकातली विमाने दिसतात किंवा ताशी 215 वाली. मधले काही फारसे नाही. भारतात तर हा प्रश्न या रूपात येतच नाही, कारण तिथल्या फ्लाइंग क्लबांचे काम मुख्यतः व्यावसायिक परवान्याच्या प्रशिक्षणाचे, आणि शनिवारी सकाळी विमान घेऊन मासे खायला जाणारा हौशी वैमानिक तिथे विरळाच.

क्लबाची एक गोष्ट मनापासून आवडली, ती देखभालीची वही. जूनमध्ये माझ्या आधीच्या वैमानिकाने ‘डावा ब्रेक मऊ लागतो’ एवढेच लिहिले होते. काउंटरवरच्या मुलीने विमान तत्काळ बंद केले, मेकॅनिक येईपर्यंत किल्ली कपाटात गेली आणि माझे बुकिंग रद्द झाले. मी चरफडत घरी गेलो. एक पैसा कापला नाही, आणि संध्याकाळी ब्रेकच्या नळीतून द्रव झिरपत होता असा निरोप आला.

आता पूर्ण वर्षाची बेरीज. हॉब्सवर 41.3 तास, म्हणजे 7,021 डॉलर. मासिक वर्गणी 55 प्रमाणे 660. भाडेकरू वैमानिकाचा वेगळा विमा 310, आणि तो टाळू नये, कारण क्लबाचा विमा प्रथम विमानाची काळजी घेतो आणि नुकसानाचे पहिले 5,000 डॉलर करारानुसार आपल्याच माथी असतात. प्रशिक्षक 467.50. उभ्या विमानाचे 153 आणि इंधनातला फरक 10.20. एकूण 8,621.70 डॉलर, म्हणजे तासाला जवळपास 209. वर्गणी आणि विमा उडालो नाही तरी जातात, त्यामुळे वर्षाला पंधरा तास उडणाऱ्याला हाच तास बराच महाग पडेल. उलट वर्षाला शंभरच्या पुढे उडणाऱ्याने दोन-तीन भागीदार शोधून जुने विमान विकत घेण्याचा विचार करावा. मी चाळिशीतला, वयानेही आणि तासांनीही, म्हणून वर्गणी पुन्हा भरली आहे. मात्र टॅकवर भाडे घेणाऱ्या त्या शेजारच्या क्लबातही पुढच्या शनिवारी चेकआउटची वेळ घेतली आहे, आणि त्यांच्या नियमपुस्तिकेचे अकरावे पान मी आधीच वाचून काढले आहे.