शाळा सुटलेलं पोर कुठं घालायचं: गावची शाळा, एनआयओएस की बाहेरून दहावी?

पोर नववीत नापास झालं, किंवा आठवीनंतर बेळगावच्या उद्यमबागला कारखान्यात कामाला लागलं आणि आता परत शिकायचं म्हणतंय, तर आपल्याकडं पैपाहुणे दोनच गोष्टी विचारतात, फी किती आणि पास करून देतात का. मी एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या पालक समितीवर असताना आणि त्यानंतरही ओळखीच्या घरांतले असे कागद बघत आलेय, आणि मला वाटतं पहिला प्रश्न वेगळाच विचारायला पाहिजे: हे पोर मधेच यायचं बंद झालं तर कुठल्या ऑफिसात कुणाला जाब द्यावा लागतो? ज्या रस्त्यावर याचं नाव-पत्त्यासकट उत्तर मिळतं तो थोडा कटकटीचा असला तरी घ्यावा. जिथं "काही काळजी करू नका, आम्ही बघतो" एवढंच ऐकायला मिळतं तिथं पैसे भरू नयेत. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या मराठी घरांसमोर जे रस्ते प्रत्यक्षात असतात ते मी याच प्रश्नावर घासून बघतेय.

आधी वय बघा, बाकीचं मागनं. पोर १४ च्या आतलं असेल तर खरं म्हणजे तुलना करायचीच गरज नाही, गावची सरकारी नाहीतर अनुदानित शाळा, बास. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, म्हणजे १३ वर्षांच्या पोराला तिसरीतल्या बारक्या मुलांच्यात बसवायचं नाही, आणि मागं पडलेला अभ्यास भरून काढायला स्पेशल ट्रेनिंग द्यायचं, नियमांप्रमाणं कमीत कमी तीन महिने आणि लागलं तर दोन वर्षांपर्यंत. अशा पोराची आठवी व्हायच्या आत १४ वय उलटलं तरी आठवीपर्यंतचं शिक्षण फुकटच राहतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जन्माचा दाखला नाही, वर्ष सुरू होऊन महिने झाले, जुन्या शाळेची टीसी अजून आली नाही, यातल्या कुठल्याच कारणावरनं प्रवेश नाकारता येत नाही. टीसीचं तर राज्याची हद्द ओलांडली तरी लागू आहे, म्हणजे चंदगड नाहीतर गडहिंग्लजच्या शाळेतनं पोर बेळगावला मामाकडं राहायला आलं तरी त्याला इथं दारातनं परत पाठवता येत नाही.

आणि जाब विचारायची साखळी इथंच सगळ्यात लांब आहे. हेडमास्तर, मग आसपासच्या शाळांच्या गटावर (क्लस्टरवर) लक्ष ठेवणारे सीआरपी, मग तालुक्याचे शिक्षणाधिकारी म्हणजे बीईओ, मग शैक्षणिक जिल्ह्याचे डीडीपीआय. (बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे शैक्षणिक जिल्हे आहेत, निपाणी-अथणी-रायबागवाल्यांनी बेळगावच्या ऑफिसात हेलपाटे घालू नयेत, तुमचं काम चिकोडीला.) शिवाय एसडीएमसी, कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, म्हणजे तुमच्याच गल्लीतलं कुणीतरी त्यात असणार. तिथंही नाही ऐकलं तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडं जाता येतं. आणि सॅट्सचा नंबर, म्हणजे कर्नाटकच्या शिक्षण खात्याच्या मुलांच्या ऑनलाइन नोंदीतला नंबर. प्रत्येक मुलाच्या नावावर हा नंबर असतो आणि पोर एका शाळेतनं दुसऱ्या शाळेत गेलं की नंबर बरोबर जातो, त्यामुळं ते मधेच कुठं गायब झालं ते कागदावर तरी दिसतं. पोराचा हा नंबर घरच्या डायरीत लिहून ठेवा, आधार नंबर ठेवता तसा.

आता खोट कुठं आहे तेही सांगते. एका शाळेत मी हजेरीपत्रक बघितलं होतं, त्यात एका पोराच्या नावासमोर सगळी दिवाळी ते संक्रांत हजर, एकाच पेनानं, एकाच दमात मारल्यासारख्या खुणा, आणि पोर तेव्हा आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर होतं. बाईंना विचारलं तर त्या बिचाऱ्या खरं बोलल्या, गैरहजर मांडलं की शाळाबाह्य म्हणून फॉर्म भरा, घरभेट दाखवा, वरनं विचारणा, आणि एवढं करून पोर काय फडावरनं परत येत नाही. म्हणजे जाब विचारायच्या भीतीनंच नोंद खोटी झाली. आणि नोंद खोटी झाली की त्या पोराला स्पेशल ट्रेनिंग मिळायचा सवालच नाही, कारण कागदावर ते शाळेतच आहे! कर्नाटक हायकोर्टानं २०१३ ला शाळाबाह्य मुलांचा विषय स्वतःहून हातात घेतला होता, तेव्हापासून यावर बोलणं बरंच झालंय, पण वर्गातली हजेरी खरी मांडली जाते का हे शेवटी गावानंच बघावं लागतं. म्हणून सरकारी शाळेत पोर घालायचं ठरलं तर स्पेशल ट्रेनिंग कुणी, किती वाजता, कुठल्या खोलीत घेणार हे एसडीएमसीच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या. तोंडी "घेतो" म्हणाले की ते पोर महिन्याभरात शेवटच्या बाकावर जाऊन बसतं.

हा प्रश्न काय फक्त आपलाच नाही. अमेरिकेत शाळेतनं काढून टाकलेल्या, मधेच सोडलेल्या, कोर्टाच्या देखरेखीतल्या, लहान वयात आई झालेल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात आणि त्यांना कुठल्या मापानं मोजायचं यावर तिथं खूप काथ्याकूट झालाय. तिथल्या २०१५ च्या केंद्रीय कायद्यानं ज्या हायस्कूलमधली एक तृतीयांश किंवा जास्त मुलं डिप्लोमाशिवाय राहतात ती शाळा सुधारणेच्या यादीत जाते. आता १७ व्या वर्षी अर्धामुर्धा अभ्यास घेऊन आलेली मुलंच जिथं भरती होतात ती शाळा या मापानं दरवर्षी वाईटच दिसणार, तिथले शिक्षक कितीही राबले तरी. म्हणून कॅलिफोर्नियानं अशा शाळांना वेगळा दर्जा दिला, अट अशी की किमान ७० टक्के मुलं खरंच अशा धोक्यातल्या गटातली पाहिजेत, आणि टेक्सासनंही त्यांची वेगळी पद्धत ठेवली. मला ही अट फार महत्त्वाची वाटते, कारण माप सैल केलं की नेहमीच्या शाळा आपला निकाल सांभाळायला कच्ची पोरं तिकडं ढकलायला लागतात, आणि पोर गेलं की त्यांच्या हिशेबातनं ते पुसलं जातं.

आपल्याकडं हेच नववीत होतं. आरटीईचं संरक्षण आठवीपर्यंत, तोवर शाळा पोराला काढून टाकू शकत नाही. नववीपासून ती भिंत संपली. आणि दहावीच्या निकालाचा बोर्ड गेटवर लावायचा असतो, मग कुणीतरी पालकाला बोलवून हळूच सुचवतं की टीसी घेऊन जा, बाहेरून बसवा, वर्ष वाचेल. गरीब आईबाप सर म्हणतायत म्हंजे बरोबरच असणार म्हणून सही करून येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की नववीच्या पोराची टीसी असल्या सल्ल्यावर घेऊ नका. सरांना म्हणा, हे कागदावर लिहून द्या. लिहून कुणी देत नाही, आणि बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. टीसी घ्यायचीच असेल तर नवीन ठिकाणी प्रवेश पक्का झाल्यावर.

बरं, पोर १५-१६ चं आहे, कमावतंय, शाळेच्या बाकावर बसायला लाजतंय, अशाला एनआयओएस, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची राष्ट्रीय मुक्त शाळा, खरोखर चांगलं आहे, लोक उगाच कमी समजतात. १९८९ पासून चाललेली केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे, दहावीला वय १४ पूर्ण पाहिजे, पाच विषय घ्यायचे त्यात एक तरी भाषा, बाकी आपल्या पसंतीचे. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीत, काही विषयांत पास झालेलं असेल तर दोन विषयांचे मार्क इकडं घेता येतात. आणि कन्नडचा पेपर नको म्हणून अडलेल्या मराठी माध्यमाच्या पोरांचीही इथं सुटका होते, मात्र मराठीतनं पेपर देता येतो का ते एनआयओएसच्या अभ्यास सेंटरवर तोंडी न विचारता त्या वर्षीच्या माहितीपुस्तकात बघा.

पण गणित सोडायच्या मोहात पडू नका, हे मी हात जोडून सांगते. सेंटरवाले स्वतःच म्हणतात गणित नको, सोपं काहीतरी घेऊ, पास होईल. होईल की पास! आणि मग आयटीआयला फिटर, टर्नरचा फॉर्म भरायला गेलं की दहावीला गणित-विज्ञान होतं का विचारतात, डिप्लोमालाही तेच. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपवर ज्यांची पोटं चालतात त्या घरच्या पोरानं गणित सोडणं म्हणजे हातात आलेलं काम परत देणं. नऊ संधी आहेत, दोन-तीन त्यातल्या गणितावर खर्च झाल्या तर होऊ देत.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र एनआयओएस लंगडं आहे. रोजची हजेरी नाही, सॅट्सचा धागा तुटला, बीईओ म्हणणार आमच्याकडं येत नाही, सेंटरला मान्यता एनआयओएसची आणि त्यांचं रिजनल ऑफिस बेंगळूरला. कॉन्टॅक्ट क्लास घ्यायचे असतात ते किती ठिकाणी घेतात ते जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. टीएमए म्हणजे घरी सोडवून द्यायच्या असाइनमेंट, त्याला २० टक्के मार्क, आणि मी एका सेंटरवर टीएमएचा गठ्ठा चाळला तर वेगवेगळ्या नावांच्या वह्यांत एकच वळणदार अक्षर होतं. पोरांनी वह्या बघितल्यासुद्धा नव्हत्या. अशा सेंटरमधनं पोराला सर्टिफिकेट मिळेलही, पण ज्या कारणानं ते शाळेतनं सुटलं, की त्याला वाचायला जमत नव्हतं, ते तसंच राहतं. एक हत्यार आपल्या हातात आहे, एनआयओएस सरकारी संस्था असल्यामुळं आरटीआय लागू होतो, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, सेंटरची मान्यता चालू आहे का आणि क्लासचं वेळापत्रक काय एवढं विचारलं तरी खूप कळतं.

तिसरा रस्ता म्हणजे खाजगी ट्युटोरियल, "एसएसएलसी डायरेक्ट, १००% पास" वालं. परीक्षा बोर्डाचीच, पोर एक्स्टर्नल म्हणून बसणार, ट्युटोरियल फक्त शिकवणार आणि फॉर्म भरून देणार. पास न झाल्यास पैसे परत म्हणतात त्यांना विचारा पावती देता का. कर्नाटकच्या १९८३ च्या शिक्षण कायद्यात ट्युटोरियलची नोंदणी आहे, तो नोंदणी नंबर मागा, आणि नसेल तर तुम्ही भांडायला जाणार कुठं? केंद्रानं जानेवारी २०२४ ला कोचिंग सेंटरसाठी काढलेल्या गाइडलाइन्समध्ये तर १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊच नये म्हटलंय. आणि हमखास पासची गॅरंटी कशावर चालायची हे २०२४ ला दिसलं, परीक्षा केंद्रांत वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातनं थेट नजर, आलं आणि राज्याचा एसएसएलसी निकाल ८३.८९ वरनं ७३.४० टक्क्यांवर उतरला, तोही ग्रेस मार्क वाढवून. त्या वर्षापासून एकाच वर्षात एकापेक्षा जास्त संधी आहेत आणि त्यातले चांगले मार्क धरतात, त्यामुळं एक-दोन विषयात राहिलेल्या पोराला ट्युटोरियलपेक्षा स्वतःच्या शाळेतनंच परत बसवणं बरं.

आणि हद्दीवरचं शिनोळी ओलांडून फॉर्म १७, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला बाहेरून बसायचा अर्ज. मराठीतनं पेपर, कन्नड नाही, म्हणून सीमाभागात याचं आकर्षण मोठं आहे आणि ते मी समजू शकते. पण पोराची सगळी नोंद कर्नाटकात, परीक्षा कोल्हापूर विभागीय मंडळाखाली, मधे काही बिघडलं, हॉल तिकीट आलं नाही, नावात चूक झाली, की बेळगावचा बीईओ आणि तिकडची शाळा दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. मधला एजंट फोन उचलायचा बंद होतो. तिकडं खरंच घर, नातेवाईक, राहण्याचा पुरावा असेल आणि पोर तिथंच राहून शिकणार असेल तर जरूर करा, पण बेळगावात राहून फक्त परीक्षेपुरतं नाव तिकडं घालायचं असेल तर मी नको म्हणेन.

मुलगी असेल तर अजून एक जागा विसरू नका, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, २००४ पासूनची योजना, शाळा सुटलेल्या मुलींसाठी राहण्याजेवणासकट. आई-वडील हंगामाला बाहेर जातात आणि मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी थांबते, अशा घरांना याच्याइतका उपयोगी दुसरा रस्ता मला माहीत नाही. वॉर्डन रात्री तिथंच असते, मुलगी नसली तर संध्याकाळच्या जेवणालाच कळतं. जागा थोड्या असतात, म्हणून सीआरपींना मे महिन्यातच गाठा.

कुठलंही सेंटर ठरवायच्या आधी एक करा, फोन न करता शनिवारी दुपारी थेट जा, पोराला बरोबर घेऊन. आत शिकवणारं कुणी आहे का, बसलेली पोरं कोण आहेत, मागच्या वर्षी किती आली आणि त्यातली किती वर्षभर टिकली, हे विचारा, आणि हा आकडा तोंडपाठ नसला तरी ज्यानं रजिस्टर उघडून दाखवलं, त्याच्याकडं पैसे भरायला हरकत नाही.