सुई टोचली की घोडी चालते, पण पू आतच राहतो

पाचगणीत आमचं घर घोड्यांवर चालतं. उन्हाळी सुट्टी, दिवाळी आणि नाताळ हे कमाईचे हंगाम, बाकी वर्षभर जनावरं पोसायची. अशात एखादी घोडी लंगडली की घरात कुणाला जेवण जात नाही. नेमक्या या घाबरण्यावर पोट भरणारी माणसं आमच्या भागात फिरतायत. आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण तो माणूस अजून मोटारसायकलवरून तबेले हिंडतोय.

घोडीचं नाव बिजली. भर पावसाळ्यात एका सकाळी तिनं पुढचा उजवा पाय टेकवेनासा केला. आदल्या संध्याकाळी धडधाकट होती. खुराचं नुसतं टोक जमिनीला लावून उभी, मानेवर घाम, चंदीला तोंड लावेना. हाड मोडलंय असंच कुणालाही वाटावं. खुरात पू झाला की असंच होतं. खूर म्हणजे कडक डबा, आत पू साठला तर फुगायला जागा नाही, सगळा दाब आतल्या जिवंत भागावर येतो. पावसानं खूर मऊ पडतात, नालाच्या खिळ्याच्या भोकातून किंवा तळव्याच्या कडेच्या फटीतून घाण आत जाते आणि तिथंच सडते.

सरकारी डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या गावी होते. ओळखीतल्या एकानं या माणसाचा नंबर दिला. गळ्यात स्टेथोस्कोप, पाठीला सॅक, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. "पुण्याच्या रेसकोर्सवर उमर घालवलीय, आबा. हिच्यासारखी शंभर उभी केलीत." वडिलांना तो पहिल्या क्षणापासून आबाच म्हणत होता. घोडीच्या खांद्यावर हात फिरवला, दाबलं, मान हलवली. "खांद्यात धरलीय. नस आखडलीय. सुया घ्याव्या लागतील." खूर त्यानं उचलून पाहिलासुद्धा नाही.

सुई टोचली आणि संध्याकाळपर्यंत बिजली चालायला लागली. इथंच माणूस जिंकला जातो. डोळ्यांसमोर चालणारी घोडी दिसत असताना कोण शंका घेणार? दोन दिवसांत पुन्हा तीन पायांवर. पुन्हा फोन, पुन्हा सुई, पुन्हा आठशे रुपये. मध्येच "बाहेरून मागवलेलं तेल" म्हणून साडेतीन हजारांची एक बाटली आली. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना तारीख. खांद्याला चोळायचं. घोडीचा खूर मात्र तापलेलाच.

माझा चुलतभाऊ रोज तिच्या पायाशी बसायचा. त्यालाच पहिल्यांदा कळलं की खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवलं की नाडी ठणठण उडतेय आणि दुसऱ्या पायाला शोधूनही नीट लागत नाही. त्यानं हे सांगितल्यावर पुढच्या खेपेला त्या माणसाचं निदान बदललं. "मग खुरात किडा असणार, काढून देतो, दोन हजार होतील." सुरीनं तळवा थोडा खरवडला, वरून रॉकेलचा बोळा दाबला, फडकं टाकलं, हात आत घातला आणि तळहातावर एक जाडजूड पांढरी अळी धरून दाखवली. भावानं ती हातात घेतली. खूर चिखलानं आणि रॉकेलानं लडबडलेला, त्या माणसाची बोटंही ओली, आणि अळी कोरडी ठणठणीत. ती हुमणी होती. उसाच्या मुळाशी, शेणखताच्या ढिगात सापडते तीच. बंद खुराच्या आत कुठलीही अळी राहत नाही. माश्यांच्या अळ्या पडतात त्या उघड्या, चिघळलेल्या जखमेत, आणि त्या अशा बोटाएवढ्या नसतात.

खरा डाव त्यानंतर उघडा पडला. वडिलांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "आबा, हिचा आता काही भरवसा नाही. मेली तर पुरायचा खर्च वेगळा. पंधरा हजार देतो, टेम्पो माझा." बिजलीची किंमत याच्या कितीतरी पट आहे. अशी घोडी न्यायची, बाजाराच्या दिवशी सकाळी सुई टोचायची आणि चालवून दाखवून धडधाकट म्हणून विकायची, हा धंदा सरळ दिसतो. बाजारात घोडं घेणाऱ्यांनी म्हणूनच ते एकदा पळवून दाखवलं यावर समाधान मानू नये. रात्र जाऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी कडक जमिनीवर पुन्हा चालवून बघावं, चारही खूर हातानं चाचपावेत.

वडिलांनी त्याला हाकललं. सरकारी डॉक्टर आले, त्यांनी आधी खूर उचलला. चिमट्यासारख्या हत्यारानं खुराची कड जागोजाग दाबत गेले. बाहेरच्या बाजूला, जुन्या खिळ्याच्या जागेवर दाबल्याबरोबर बिजलीनं पाय हिसकला. तिथं ते सुरीनं अगदी हळूहळू कोरत गेले. आधी एक काळी रेघ दिसली, तिच्यामागे जात जात बारीक भोक पडलं आणि काळपट पाणी चिळकांडीसारखं उडालं. त्या वासानं आम्ही सगळे मागे सरकलो. बिजलीनं मात्र लांब श्वास सोडला आणि थोड्या वेळानं पाय पूर्ण टेकवला. कुठलीही सुई न टोचता.

पण इतके दिवस पू आत कोंडलेला राहिल्यामुळे गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. जखम भरत आली की पुन्हा लंगडायची. डॉक्टर म्हणाले, परत परत होतंय म्हणजे आत काहीतरी अडकलंय किंवा हाडापर्यंत पोचलंय, फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. पसरणीचा घाट उतरून, खंबाटकी ओलांडून तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. एक्स-रेमध्ये तुटलेल्या खिळ्याचा तुकडा पांढराशुभ्र उठून दिसला. हाड सुदैवानं वाचलं होतं. तुकडा निघाला तेव्हा कुठे पू येणं थांबलं.

घरी करायचं ते साधं होतं, पण नेमानं करायचं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून दिवसातून दोनदा पाय बुडवून ठेवायचा, कोरडा करायचा, आयोडीनची पट्टी, वर कापूस, त्यावर लहान बाळाचं डायपर आणि बाहेरून रुंद चिकटपट्टी. खाली सुका भुसा, ओल दिसली की लगेच बदलायचा. धनुर्वाताची लस पहिल्याच दिवशी दिली, कारण घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाला तर बहुतेकदा जनावर जातं. त्या माणसानं ती लस एकदाही काढली नव्हती.

तबेल्यामागच्या गटारात त्यानं टाकलेल्या बाटल्या भावानं गोळा करून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी लेबलं वाचली. बहुतेक डायक्लोफेनॅक, म्हणजे वेदना दाबणारं औषध, माणसांसाठीचं, ३ मिलीच्या बाटल्या. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून हे औषध २००६ पासून जनावरांना द्यायला बंदी आहे, आणि माणसांचं इंजेक्शन जनावरांना टोचायची चोरवाट बुजवायला २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचीही मोठी बाटली बंद झाली. म्हणून हा गृहस्थ लहान लहान बाटल्या फोडून एका सिरिंजमध्ये भरत होता. उरलेल्या डेक्सामेथासोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या. स्टेरॉइडनं घोड्याच्या चारही खुरांना सूज येऊन ते कायमचं अधू होण्याचा धोका असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऐकताना वडिलांचे हात थरथरत होते. वेदना दाबणारं औषध वाईट नाही, पू काढल्यावर डॉक्टरांनीही थोडं दिलंच. पण पू आत ठेवून ते देत राहणं म्हणजे घोडीला दुखऱ्या पायावर जबरदस्तीनं चालवणं.

बिजली आता चालते. कोरलेला भाग खाली वाढून यायला कित्येक महिने लागतील, खूर महिन्याला सेंटीमीटरभरसुद्धा वाढत नाही. तोवर तिच्यावर खोगीर चढणार नाही.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, नोंदणी नसलेल्याला असे उपचार करता येत नाहीत. कुणी आलाच तर नोंदणी क्रमांक विचारा, आणि अडचणीत १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा फोन मोफत आहे, तो लावा. आम्ही बाटल्यांच्या फोटोंसह पोलिसांत आणि पशुसंवर्धन खात्यात अर्ज दिलाय. वाई, महाबळेश्वर, जावळी या बाजूला कुणाच्या घोड्याच्या खुरातून "किडा" निघाला असेल किंवा सुयांनंतर कुणी घोडं स्वस्तात मागितलं असेल, तर रिकाम्या बाटल्या फेकू नका, पैसे दिल्याचे मेसेज पुसू नका. एका घरच्या अर्जापेक्षा चार घरांचे अर्ज पडले तर चौकशी लवकर हलेल.