होज पाइप नवे नव्हते, काळे केलेले होते

माझी पिकअप २०१३ ची. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग असतं, त्यामुळे तो महिना आला की गॅरेजच्या फेऱ्या ठरलेल्या. यंदा पासिंगला चार दिवस राहिले आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. नेहमीचा मिस्त्री गावाला गेलेला, म्हणून हायवेलगतच्या एका गॅरेजात घातली. तिथल्यानं खाली बॅटरी मारून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "शेठ, तिन्ही होज पाइप गेलेत. बदलून टाका, घाट उतरता तुम्ही."

निदान बरोबर होतं, हे आधीच सांगतो. लबाडी पुढं झाली.

होज म्हणजे चाकाच्या ब्रेकपर्यंत ऑइल नेणारी रबरी नळी. माझ्या गाडीला असे होज तीन. पुढच्या चाकांना एकेक आणि मागं चॅसीवरून हाउसिंगवर, म्हणजे मागच्या आसाच्या कवचावर, येणारा एक. बाकी लाइन लोखंडी नळीची. चाक वळतं, पाटे खालीवर होतात, तिथं लोखंड तुटेल, म्हणून रबर. आत रबर, त्यावर धाग्याची वीण, वर पुन्हा रबर.

काम चालू झालं आणि मी समोरच्या टपरीवर गेलो. तिथं ओळखीचा एक जण भेटला. टोमॅटोच्या भावावर बोलण्यात तास कसा गेला कळलं नाही. आलो तर पाइप काळेभोर, चकचकीत. पेडल टणक. चिठ्ठीवर 'होज ३ नग, ब्रेक ऑइल, मजुरी' लिहून ३,६५० रुपये घेतले. जुने पाइप दाखवा म्हणायचं मला सुचलंच नाही. पेडल टणक झालं होतं ते नव्या ऑइलनं आणि लाइनमधली हवा नीट काढल्यानं. पाइपाचा त्यात काही संबंध नव्हता, हे नंतर कळलं.

तीन आठवड्यांनी रात्री ओतूरहून क्रेट भरून कल्याण मार्केटला निघालो. माळशेज उतरलो आणि मोरोशीच्या अलीकडं जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. उतरून बघतो तर डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेता येईना. पाणी मारायचा मोह झाला, पण तापलेली डिस्क तडकली तर रस्त्यावरच बसावं लागेल. पाऊण तास थांबलो आणि मग खालच्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, मुरबाड गाठलं.

तिथला फिटर वयानं मोठा, बोलायला कमी. जॅक लावला, चाक हातानं फिरेना. त्यानं आधी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी नळीचा नट सैल केला. चाक तसंच घट्ट. मग कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, ऑइल सोडायचं निप्पल उघडलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. "वरून दाब येत नाही, पाइपातच अडकलाय," तो म्हणाला.

मग त्यानं ओल्या फडक्यानं पाइप पुसला. फडकं काळं झालं. टायरला लावतात तसलं पॉलिश होतं ते. खाली रबर भेगाळलेल्या टाचेसारखं, टोकाच्या पत्र्याच्या टोपीजवळ तर चिरा उघड्याच. नटांवर जुना चिखल वाळून दगड झालेला, म्हणजे पाना लागलाच नव्हता. आणि पुसता पुसता छापील अक्षरं वर आली. साल २०१२.

"पाइप गाडीपेक्षा वयानं मोठा आहे की हो," म्हणत तो पहिल्यांदा हसला. मला काही हसू आलं नाही.

काढलेला पाइप त्यानं हॅक्सॉनं मधोमध कापून दाखवला. काडेपेटीची काडी जावी एवढं भोक असायला पाहिजे. इथं आतलं रबर फुगून सुईसुद्धा अडेल अशी गत. पायाच्या जोरानं ऑइल आत ढकललं जातं, पण परत यायला मागं तसला जोर नसतो. मग पॅड डिस्कला चिकटून बसतात.

तिन्ही पाइप तिथंच बदलले, माझ्यासमोर. नव्यावर आयएस ७०७९ हा ब्रेक होजचा भारतीय मानक क्रमांक छापलेला होता, तारीख ताजी. अंगावरून जाणारी लांब रेघ सरळ आहे का, हे त्यानं बघायला लावलं. रेघ पिळलेली दिसली तर पाइप पीळ खाऊन बसलाय. तांब्याचे वॉशर नवे टाकले. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून पाइप टायरला घासत नाही ना ते पाहिलं, मग मला पेडल दाबून धरायला सांगून फुगवटा येतो का ते चाचपलं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद होता, तो माझ्या हातानं फोडायला दिला.

कल्याणला पोचेपर्यंत बाजार उतरला होता. त्या नुकसानीचा हिशोब नकोच.

परतताना त्या गॅरेजात गेलो. "पोरानं केलं असेल, मला काय माहीत," हे उत्तर. चिठ्ठीवर ना गॅरेजचं नाव, ना गाडीचा नंबर. बरीच हुज्जत घातल्यावर १,५०० रुपये परत मिळाले. आता गाडी कुठंही लावली तरी बदलायच्या भागावर घरातल्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवतो. बायको हसते, हसू दे.

त्या दिवशी गॅरेजात दुधाची गाडी घेऊन आलेला एक पोरगा आमचं भांडण ऐकत उभा राहिला होता. त्यालाही 'होज गेलेत' म्हणून सांगितलं होतं. मी खिशातला कापलेला तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्याला लावून आरपार बघितलं, काही दिसेना, तेव्हा आत जाऊन चावी परत मागून आणली.