वांब आणि बर्बट: तळाशी राहणारे दोन मासे

कोल्हापूरजवळ, पंचगंगा जिथे सुरू होते त्या प्रयाग चिखलीच्या संगमाकडचे मासेमार वांब दाखवतात, तेव्हा मला युरोप-कॅनडासारख्या उत्तरेकडच्या देशांतल्या थंड तळ्यांतला बर्बट आठवतो. दोघेही लांबट, निसरडे, तळाशी दडणारे आणि रात्री शिकार करणारे.

वांबीचं नाक लांब, टोकाला मांसल. पाठीवर सुट्या काट्यांची रांग, म्हणून हाताळणारा जपून धरतो. दिवसा ती वाळूत, गाळात किंवा दगडांच्या फटीत असते. किडे, अळ्या, लहान मासे खाते. दिसते सापासारखी, पण खऱ्या ईलच्या कुळातली नाही.

बर्बट मात्र कॉड या समुद्री माशांच्या गटातला, आणि त्या गटात पूर्ण आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा तो एकटाच. हनुवटीवर एकच मिशी. खरं नवल त्याच्या विणीचं: इतर बहुतेक मासे वसंताची वाट पाहतात, हा भर हिवाळ्यात, बऱ्याचदा बर्फाखाली, शून्य ते चार अंशांच्या पाण्यात अंडी घालतो. मोठी मादी लाखो अंडी देते. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो खोल, गार थरात उतरतो. आपली वांब पावसाळ्याच्या पाण्यावर वाढते; बर्बटला मात्र गारच पाणी लागतं, त्यामुळे त्याला पंचगंगेत जागाच नाही. इंग्लंडमधून तर तो नाहीसा झाला. तिथली शेवटची नोंद १९६९ची.