सांगलीची विजेची व्होल्वो, पुण्याची पेट्रोल ऑडी: २२ महिन्यांनंतर

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्या कामात एका जागी बसणं नाही, ज्या थिएटरमध्ये केस असेल तिकडं जायचं. सकाळी मिरज, दुपारी सांगलीत दोन ठिकाणी, संध्याकाळी जयसिंगपूर किंवा इस्लामपूर, आणि रात्री सिझेरियनसाठी फोन आला की परत बाहेर. असलं तुकड्यातुकड्यांचं ड्रायव्हिंग आधीच्या डिझेल गाडीला फार महागात पडायचं. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये मी व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज घेतली, दोन मोटरची, ४०८ हॉर्सपॉवरची. त्याच वर्षी पाडव्याला माझ्या धाकट्या भावानं पुण्यात ऑडी क्यू३ घेतली, पेट्रोल, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, सगळ्यात वरचं मॉडेल. मे २०२५ मध्ये आम्ही महिनाभर गाड्या बदलून वापरल्या. त्यामुळं पुढचं जे लिहिते आहे ते शोरूमच्या फेरीवरून नाही. माझी गाडी ३८,४०० किमी झाली आहे आणि त्याच्या गाडीत मी अडीच हजार किमी बसले आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण फोन करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. व्होल्वो २०२२ मध्ये ५५ लाख ९० हजारांना बाजारात आली, मी घेईपर्यंत किंमत थोडी वाढली होती. क्यू३ चं वरचं मॉडेल त्याच वर्षी ५० लाख ३९ हजारांना आलं. कागदावर पाच लाखांचा फरक दिसतो. पण महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे भावानं साडेसहा लाखांच्या आसपास नुसता टॅक्स भरला. २०२१ च्या राज्याच्या ईव्ही (विजेच्या गाड्यांच्या) धोरणामुळं माझा टॅक्स शून्य. पासिंग होऊन नंबरप्लेट लागेपर्यंत दोन्ही गाड्या जवळजवळ एकाच भावात घरी आल्या. हे मला गाडी घेताना कुणीच नीट मांडून दाखवलं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

रोजचा खर्च मी पहिल्या दिवसापासून वहीत लिहिते. भिंतीतून ओढलेली वीज धरली तर १०० किमीला २२ युनिट लागतात. गाडीच्या पडद्यावर यापेक्षा कमी दिसतं, कारण चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत जाते आणि पडदा ती मोजत नाही. साधारण ८० टक्के चार्जिंग घरी झालं. माझ्या वेगळ्या मीटरला सगळे आकार धरून युनिट नऊ रुपयांच्या आसपास पडतं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर तेच २४ रुपये. सगळं मिळून २२ महिन्यांत एक लाखाच्या जरा वर, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ६५ पैसे. भावाची सरासरी लिटरला साडेदहा किमी आहे. पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर किलोमीटरला दहा रुपये. एवढ्याच अंतराला त्याचे पावणेचार लाखांवर गेले असते.

या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा तो ८० टक्क्यांचा आहे, नऊ आणि चोवीसमधला फरक तिथं आहे. माझ्याकडं बंगला आहे, पोर्चमध्ये गाडी लागते, थ्री-फेज मीटर घेता आला, ११ किलोवॅटचा चार्जर भिंतीवर बसवला. रात्री २० टक्क्यांवर लावली तर साडेचार-पाच तासांत ८० होते. ते कनेक्शन मिळवायला सात आठवडे हेलपाटे घातले, त्या काळात साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावूनही पहाटे काटा थोडासाच हललेला असायचा. ते सात आठवडे मी गाडीवर चिडले होते. मीटर आला आणि त्याच गाडीबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं.

आता रात्रीचं. आधीची डिझेल गाडी सुरू झाली की आई उठायची. पंच्याहत्तरीची आहे, झोप आधीच कमी. मग मी परत येईपर्यंत बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसायची, कितीही सांगितलं तरी. या गाडीला सुरू करायचं बटणच नाही. सीटवर बसायचं, डी टाकायचं आणि निघायचं. पहिल्या आठवड्यात पहाटे तीनला जयसिंगपूरला जाऊन आले, सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "काल फोन नाही आला वाटतं." बावीस महिन्यांत मला या गाडीनं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती म्हणाल, तर ही. आईची झोप.

एकदा घाबरले होते तेही सांगते. जुलै २०२४ मध्ये धो-धो पाऊस, संध्याकाळपासून लाईट नाही, दिवसभर इस्लामपूर-विटा फिरून गाडी २२ टक्क्यांवर. पावणेतीनला फोन. जयसिंगपूर जाऊन-येऊन तीस किमीही नाही, आठ टक्के फार तर, हे डोक्याला कळत होतं. पण अंकली पुलावरून जाताना नजर सारखी त्या आकड्याकडं जात होती. बाळ-बाळंतीण सुखरूप, मी १४ टक्क्यांवर घरी. तेव्हापासून नियम केला: गाडी पोर्चमध्ये आली की आधी वायर लावायची, मग चप्पल काढायची. रोज चार्जिंग ८०-९० टक्क्यांवर थांबवते, लांबच्या प्रवासाआधीच १००. आणि ज्यानं २०१९ चा महापूर पाहिला आहे तो सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी रोज बघतोच. ती चाळीस फुटांकडं सरकायला लागली की मी गाडी चार्ज करून उंच भागातल्या मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवते. बॅटरी सीलबंद असते, पाण्याचा धोका मला तेवढा वाटत नाही. पण पुरात पहिल्यांदा वीज जाते.

पुण्याला जाताना मात्र मी आता निर्धास्त असते. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाक्याला हायवे, मग कराड-सातारा करत २३५ किमी. शंभरच्या आसपास चालवली तर ३० टक्के शिल्लक ठेवून कोथरूडला पोचते. ११०-१२० ला दाबली की तेच २० च्या खाली येतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि ही गाडी आकारानं कपाटासारखी चौकोनी आहे. कंपनीचा ४१८ किमीचा आकडा युरोपातल्या चाचणीचा आहे. मला शहरात ३६०-३७० मिळतात, हायवेवर ३१०-३२०. टोलबद्दल बरेच जण विचारतात. २०२५ च्या राज्याच्या धोरणात टोलमाफी आली ती अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीसाठी. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत, तिथं आम्ही भरतोच.

आंबा घाटाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीला जाताना घाटमाथ्यावर ६१ टक्के होते. एक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की गाडी स्वतःच धरते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. साखरप्याला उतरले तेव्हा आकडा ६३. उतरताना ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही, प्रत्येक वळण पायाच्या एका बोटानं घेतल्यासारखं. परत चढताना ते दोन आणि वर बरेच टक्के निघून जातात, फुकट काही नाही. पण धुक्यात, पावसात, पुढं एसटी असताना तो ताबा मला कुठल्याच गाडीत मिळाला नव्हता. आणि ओव्हरटेक! ६६० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, पायाखाली लगेच हजर असतो. ऊसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला मागं टाकायला आमच्या भागात रोज लागतो तो.

क्यू३ त्याच घाटात वेगळ्या तऱ्हेनं आवडते. १९० हॉर्सपॉवर म्हणजे निम्म्याहून कमी, पण गाडी पाच-सहाशे किलोंनी हलकी आहे आणि ते वळणावर कळतं. व्होल्वोचं वजन दोन टनांवर, सांगली-मिरज रस्त्याच्या खड्ड्यांत ते आईच्या पाठीला जाणवतं. भावाच्या गाडीत बसून मिरजेला गेलो तेव्हा तिनं न विचारता सांगितलं, "ही बरी आहे गं खड्ड्यात." सामान ठेवायलाही क्यू३ सरस, ५३० लिटरची डिकी आणि मागची सीट पुढं-मागं सरकते. एसीला खरीखुरी बटणं आहेत, चाचपडून लागतात. माझ्याकडं सगळं पडद्यावर. पण त्या पडद्यात गूगलचा नकाशा गाडीच्या चार्जसकट हिशेब करतो, कुठं पोचल्यावर किती टक्के उरतील हे सांगतो आणि ते दोन-तीन टक्क्यांच्या आत खरं निघतं. त्याचा मला फार आधार वाटतो.

नागपूर माझं सासर. इथं पेट्रोल सरळ जिंकलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये व्होल्वोनं गेलो. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा रस्ता, साडेसातशे किमीच्या आसपास. रस्ता सुंदर आहे. सोलापुरात पन्नास मिनिटं चार्जिंग, तोवर नाश्ता झाला, ठीक. नांदेडला १५ टक्क्यांवर पोचलो तर ठरवलेला चार्जर बंद. ॲपवर हिरवा दिसत होता. तिथल्या मुलानं चार्जरची गन (गाडीला लावायचं टोक) काढून दाखवली, पिनांशी काळं पडलेलं होतं. "मॅडम, चार दिवस झाले, कळवलंय" म्हणाला. दुसरा सापडला तो ३० किलोवॅटचा. माझी गाडी दीडशे किलोवॅटपर्यंत घेऊ शकते, पण समोरच्या मशीनमध्येच नसेल तर ती काय घेणार? दोन तास हॉटेलच्या आवारात बसलो, सासूबाई सोबत होत्या, बाथरूम धड नव्हतं. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. यवतमाळला पुन्हा चाळीस मिनिटं. पहाटे पाचला निघालेलो, रात्री साडेनऊला पोचलो. मे महिन्यात तोच रस्ता क्यू३ नं केला, दोनदा पेट्रोल भरलं, जेवायला निवांत थांबलो आणि संध्याकाळी साडेसहाला दारात. वर्षातून चार वेळा असा प्रवास असेल आणि गाडी एकच असेल, तर आजच्या घडीला मी पेट्रोलच घ्या म्हणेन.

त्याच महिन्यात भाऊ माझी गाडी पुण्यात वापरत होता. पहिल्या दिवशी फोन आला, "ताई, ही सुरू कुठनं करायची?" दुसऱ्या दिवशी सिग्नलवरून निघाल्याचं वर्णन करणारा फोन. ४.९ सेकंदांत शंभर गाठणाऱ्या गाडीनं त्याला वेड लावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याचा आवाज उतरला होता. त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर बसवायला परवानगी नाही. आग लागेल, केबल कोण ओढणार, लोड पुरणार नाही, अशी तीन कारणं तीन वर्षं चालू आहेत. म्हणून तो दर चार दिवसांनी रात्री दहाला मॉलच्या पार्किंगमध्ये जाऊन बसायचा. रांग, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा, मध्येच सेशन तुटलं की परत सुरुवात. महिन्याचा त्याचा खर्च किलोमीटरला साडेपाच रुपये आला, माझ्या दुप्पट. गाडी तीच होती. मला सांगलीत जी सुखाची वाटते तिनं त्याला पुण्यात दमवलं, आणि पुण्यात चार्जर सांगलीच्या कितीतरी पट जास्त आहेत.

म्हणून मला कुणी विचारलं की मी रेंज आणि बॅटरी बाजूला ठेवते आणि पहिला प्रश्न करते: गाडी रात्री उभी कुठं असते आणि तिथं तुझ्या नावाचा मीटर येतो का? एवढ्याचं उत्तर हो असेल आणि रोजचं फिरणं शंभर-दीडशे किमीच्या आत असेल, तर मी बेधडक विजेची घ्या म्हणते. डॉक्टर मैत्रिणींपैकी तिघींनी घेतली, तिघींचे बंगले आहेत.

बाकीचं थोडक्यात. टायर ३१,००० ला बदलावे लागले; वजन आणि टॉर्क दोन्ही टायरवरच येतात, त्याची तयारी ठेवा. ब्रेक पॅड अजून जवळजवळ नवे आहेत. इंजिन ऑइल, प्लग, बेल्ट हा विषयच नाही. मेच्या उन्हात शेवटचे टाके घालून होईपर्यंत फोनवरून एसी लावून ठेवते, चाळीस डिग्रीत उभी असलेली गाडी बसताना थंडगार असते. मधल्या माणसाला मागं त्रास होतो, कारण ही चौकट पेट्रोलच्या एक्ससी४० शी सामाईक आहे आणि मध्ये उंचवटा आहे. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे; आजवर पूर्ण चार्जवर मिळणाऱ्या अंतरात मला घट जाणवलेली नाही. विकताना काय भाव येईल याची काळजी मी सोडून दिली आहे, आठ वर्षं वापरायचीच आहे.

भावानं परवा माझी सगळी वीजबिलं, चार्जर बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियननं काढलेली वायरिंगची आकृती आणि अर्थिंगच्या चाचणीचा कागद मागवून घेतला. पुढच्या रविवारी त्याच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. सभेत दाखवायला गाडी हवी म्हणाला, तर शनिवारी संध्याकाळी मी ती शंभर टक्के भरून पुण्याला नेते आहे.