स्टार विकून डिफेन्स सुधारतो का? चीफ्स, रेडर्स, रॅम्स आणि काउबॉईज समोरासमोर

मॅडनमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या NFL लीगचा व्हिडिओ गेम) फ्रँचाइज चालवणारे असोत की ऑफिसच्या डायनॅस्टी लीगमध्ये (तेच प्लेअर वर्षानुवर्षं ठेवायचा फँटसी खेळ) टीम सांभाळणारे, प्रत्येकावर एक दिवस ही वेळ येतेच. टीममध्ये एक मोठा स्टार आहे, त्याचा नवा करार तोंडावर आलाय, मग पैसे मोजायचे की त्याला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काही घेऊन, डिफेन्स नव्याने उभा करायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्रेड करून डिफेन्स सुधारू शकतो, पण त्यातून जे मिळेल ते डिफेन्सवरच लागलं पाहिजे आणि नवीन पोरांना कसं खेळवायचं हे कळणारा कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचा कोच, आधीपासून जागेवर पाहिजे. नुसते फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजचे प्लेअर वाटून घेताना, पहिल्या फेरीत निवडायचा हक्क) किती मिळाले हे मोजण्यात काही अर्थ नाही.

NFL मधली सगळ्यात चांगली जोडी म्हणजे चीफ्स आणि रेडर्स, दोघं एकाच डिव्हिजनमधले त्यामुळे तुलना करायला मजा येते.

चीफ्सने मार्च 2022 मध्ये टायरीक हिलला मायामीला दिलं. तो पास पकडणारा रिसिव्हर, म्हणजे डिफेन्सचा माणूसच नाही, आणि मायामीने त्याला 4 वर्षांचे 120 मिलियन डॉलर दिले. चीफ्सला बदल्यात पाच पिक मिळाले. त्यातला 29 नंबरचा फर्स्ट राउंड पिक आणि एक चौथ्या राउंडचा, त्यात आपला तिसऱ्या राउंडचा घालून ते 21 नंबरवर गेले आणि कॉर्नर (समोरच्या रिसिव्हरला कव्हर करणारा) ट्रेंट मॅकडफीला घेतलं. पण त्या ड्राफ्टमध्ये ते तेवढ्यावर थांबले नाहीत, जॉर्ज कार्लाफ्टिस, ब्रायन कुक, लिओ शेनाल, जोशुआ विल्यम्स आणि सातव्या राउंडमध्ये जेलन वॉटसन, अशी डिफेन्सची बरीच पोरं उचलली. त्याच उन्हाळ्यात टायरन मॅथ्यू आणि चारव्हेरियस वॉर्ड दोघंही टीम सोडून गेले होते, म्हणजे सेकंडरी (पास अडवणारी मागची फळी) जवळपास रिकामी झालेली, त्यामुळे रुकींना (पहिल्या वर्षाच्या पोरांना) खेळवण्याशिवाय पर्यायही नव्हता. सातव्या राउंडच्या वॉटसनने दुसऱ्याच आठवड्यात चार्जर्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) हर्बर्टचा पास आपल्या गोललाइनपाशी पकडून 99 यार्ड पळत टचडाउन केला आणि ती मॅच चीफ्सने 27-24 अशी काढली.

आता हे नीट बघा कारण इथेच लोक घाई करतात. 2021 मध्ये चीफ्सने समोरच्या टीम्सना 364 पॉइंट दिले होते, 2022 मध्ये 369, म्हणजे पहिल्या वर्षी पॉइंटच्या हिशोबात काहीच सुधारणा नाही! सॅक (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) मात्र 31 वरून 55 वर गेले, म्हणजे खाली काहीतरी शिजत होतं. मग 2023 मध्ये फक्त 294 पॉइंट दिले, लीगमध्ये दुसरा नंबर, मॅकडफी ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम टीममध्ये), आणि सलग दुसरा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला. त्या सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरच्या शेवटी फॉर्टीनाइनर्सचा थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न) होता, चीफ्सचा डिफेन्स कोऑर्डिनेटर स्पॅग्नुओलोने कॉर्नरवरून मॅकडफीला ब्लिट्झला, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर, पाठवलं, त्याला कोणी ब्लॉकच केलं नाही आणि क्वार्टरबॅक पर्डीचा पास त्याने हाताने खाली पाडला. नाइनर्सना टचडाउनऐवजी कमी पॉइंटच्या फील्ड गोलवर समाधान मानावं लागलं. कॉर्नरला असा वापरणारा कोच 2019 पासून तिथेच बसलेला होता, ही माझ्या मते या पूर्ण गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब.

आता रेडर्स. 1 सप्टेंबर 2018, सीझन सुरू व्हायला आठवडा राहिलेला, आणि पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) खलिल मॅकला शिकागो बेअर्सकडे पाठवलं, जो 2016 चा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर होता. दोन फर्स्ट राउंड पिक मिळाले, कागदावर भारीच. पण पिक 2019 आणि 2020 चे, आणि मॅचेस तर पुढच्या आठवड्यापासून, मग क्वार्टरबॅकवर धावून जाणार कोण? त्या वर्षी पूर्ण रेडर्स टीमचे मिळून 13 सॅक, आणि एकट्या मॅकचे शिकागोत 14 मॅचमध्ये 12.5. रेडर्सने 467 पॉइंट दिले, बेअर्सने 283, लीगमधले सगळ्यात कमी. नंतर ते पिक वापरले तेव्हा पहिल्यावर आला जोश जेकब्स, चांगलाच प्लेअर पण रनिंग बॅक, म्हणजे ऑफेन्सचा, आणि दुसऱ्यावर कॉर्नर डेमन आर्नेट, ज्याला दीडेक वर्षातच सोडावं लागलं. मॅक गेला ती जागा मॅक्स क्रॉसबीने भरली, आणि तो आला चौथ्या राउंडमधून! मला या ट्रेडचा आजही राग येतो, विकलं म्हणून नाही, तर विकायची वेळ आणि नंतरची खरेदी दोन्ही चुकली म्हणून.

रॅम्सचा मार्ग वेगळा, कमी बोलला जाणारा. 2023 मध्ये जेलन रॅम्सीसारखा कॉर्नर दिला आणि मिळालं काय, तर एक तिसऱ्या राउंडचा पिक आणि एक टाइट एंड, म्हणजे ऑफेन्सचाच एक प्लेअर. लोक म्हणाले फुकटात दिला. त्या 77 नंबरच्या पिकवर आला बायरन यंग, जो कॉलेज फुटबॉलच्या आधी डॉलर जनरल या दुकानात असिस्टंट मॅनेजर होता, आणि पहिल्याच वर्षी त्याने 8 सॅक केले. त्याच राउंडमध्ये कोबी टर्नर, 9 सॅक. पॉइंट लगेच फार घटले नाहीत, पण 2024 मध्ये त्यांचा डिफेन्सचा सगळ्यात मोठा स्टार ॲरन डोनाल्ड रिटायर झाला तेव्हा ही पोरं तयार होती आणि त्यांच्यात पास रशर जॅरेड वर्सची भर पडली. रॅम्सीचा मोठा पगारही डोक्यावरून उतरला, कॅपच्या (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) जमान्यात हे छोटं नाही.

काउबॉईजबद्दल फ्रिस्को-प्लेनोकडच्या (डॅलसची उपनगरं) आपल्या मंडळींशी बोलायचं म्हणजे जखमेवर मीठच. ऑगस्ट 2025 च्या शेवटी पास रशर मायका पार्सन्स, चार सीझनमध्ये 52.5 सॅक, पॅकर्सला दिला आणि दोन फर्स्ट राउंड पिक व केनी क्लार्क घेतला, कारण काय तर रन, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, थांबवायचाय. क्लार्क लाइनच्या आत, मध्यभागी उभा राहून रन अडवतो हे खरं, पण बाहेरून धावून येणारा माणूस गेला की मागच्या कॉर्नर्सना जास्त वेळ कव्हर करावं लागतं, आणि डॅलसचे कॉर्नर त्या लायकीचे नव्हते. कोऑर्डिनेटरही त्याच वर्षी नवीन आलेला. वेळसुद्धा रेडर्सचीच, सीझनच्या तोंडावर. पॅकर्स काउबॉईजच्या एटी अँड टी स्टेडियमवर आले ती मॅच 40-40 सुटली, त्यावरून काय ते समजा. नोव्हेंबरमध्ये त्यांनी पिक देऊन जेट्सकडून क्विनन विल्यम्स आणला, म्हणजे परत आतलाच माणूस.

मग तुमचं काय? तुमचा स्टार ऑफेन्सचा असेल आणि डिफेन्सचा कोच जुना-भरवशाचा असेल तर चीफ्ससारखं करा, ड्राफ्टच्या आधी, म्हणजे मार्चमध्येच विका आणि एका पिकवर जीव न टाकता पाच-सहा पोरं घ्या, त्यातही कॉर्नर जास्त. स्टार पास रशर असेल आणि वय पंचविशीच्या आसपास, तर माझं स्पष्ट मत आहे की पैसे द्या, कारण असा माणूस ड्राफ्टमध्ये हवा तेव्हा मिळत नाही. तिशीला टेकलेला महाग कॉर्नर असेल तर तिसऱ्या राउंडलाही द्यायला हरकत नाही, रॅम्सने दिलाच ना. आणि ऑगस्ट उजाडला असेल, ट्रेनिंग कॅम्प सुरू असेल, तर फोन उचलूच नका, करारावर कितीही भांडण चालू असलं तरी तो सीझन त्याला खेळवा आणि मार्चमध्ये पुन्हा बसा.