एकाच व्हॅम्पायर कादंबरीचे दोन चित्रपट

योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या २००४ मधील गाजलेल्या स्वीडिश कादंबरीवर टोमास आल्फ्रेडसन यांनी २००८ मध्ये ‘लेट द राइट वन इन’ काढला आणि दोनच वर्षांनी मॅट रीव्ह्ज यांनी अमेरिकेत ‘लेट मी इन’. पहिल्याची पटकथा स्वतः लेखकाची आहे. तरीही व्हॅम्पायर मुलीसोबत राहणाऱ्या प्रौढ माणसाची कादंबरीतली विकृत पार्श्वभूमी त्यांनी जवळजवळ पुसून टाकली, आणि मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण त्यामुळे त्या दोघांचे नाते काय असावे, याचा विचार प्रेक्षकालाच करावा लागतो. रीव्ह्ज मात्र एक जुने छायाचित्र दाखवून ते कोडे उलगडून टाकतात.

स्टॉकहोमच्या उपनगराऐवजी न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस आणि १९८३ साल घेणे, दूरचित्रवाणीवर तत्कालीन अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे भाषण ऐकवणे, हे बदल विचारपूर्वक केलेले आहेत. मोटार उलटत असताना कॅमेरा आतच ठेवण्याची कल्पना तर खास रीव्ह्ज यांची, आणि ती अंगावर काटा आणते.

पण जलतरण तलावाचा प्रसंग पाहावा. आल्फ्रेडसन यांचा कॅमेरा पाण्याखाली त्या व्हॅम्पायर मुलीच्या मित्राच्या, एका शाळकरी मुलाच्या, चेहऱ्यावरच थांबतो. वरून अस्पष्ट आवाज येतात, कुणाचे तरी पाय पाण्यातून फरफटत जातात आणि तुटलेला हात सावकाश खाली येतो. हिंसा जवळजवळ दिसतच नाही. अमेरिकी आवृत्तीत हाच प्रसंग अधिक वेगवान, अधिक अंधारा आहे, आणि म्हणूनच मला तो उणा वाटतो.